टिटवीच्या घरात वज्र

मित्रांनो, माझ्या कपाळावर एक पक्षी आहे. लांब पायांचा, मान ताठ करून उभा राहिलेला. तो पक्षी म्हणजे टिटवी, आणि मी टिटवी कंपनीचा एक जुना संगणक आहे. पूर्वी माझा रंग स्वच्छ राखाडी होता. आता तो कोऱ्या चहात बुडवून काढलेल्या कागदासारखा झाला आहे. पण बटण दाबले की मी अजून सुरू होतो. थोडा वेळ घेतो, घुरघुरतो, आणि सुरू होतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा स्वभाव मत्सरी आहे. यंत्राला कसला आला मत्सर, असे तुम्ही म्हणाल. मग माझी गोष्ट ऐका.

एका लांबच लांब दालनात माझा जन्म झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. एकीने माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने पंखा बसवला, तिसरीने स्क्रू पिळले. शेवटी बसलेल्या पोक्त बाईंनी माझ्या स्क्रीनवर एक वर्तुळ काढून पाहिले, मान हलवली आणि माझ्या कपाळावर तो पक्षी चिकटवला. मला वाटले, जगात पक्षी फक्त मलाच मिळाला आहे. मान वळवता आली असती तर दिसले असते, की त्या ओळीत प्रत्येकाच्या कपाळी तोच पक्षी होता.

दुकानात मला ज्या फळीवर ठेवले, तिथेच शेजारी तो होता. वज्र, दुसऱ्या कंपनीचा संगणक. काळा, चकचकीत, कपाळावर चांदीची वीज. दुकानात पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघायचा. कोणी त्याच्यावरून हात फिरवायचे, कोणी वाकून त्याच्यात आपला चेहरा बघायचे. माझ्याकडे लक्ष गेलेच तर ते किमतीच्या चिठ्ठीकडे जायचे. मत्सर म्हणजे काय, हे मला तिथे त्या फळीवर कळले. तो म्हणजे आत पंखा फिरत असूनही अंग तापणे.

मग एके दिवशी माझे मालक आले. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. नखांत निळा रंग, सदऱ्याच्या बाहीवर लाल. आता सगळे जण पाट्या संगणकावर करून घेतात, आपण मागे पडू, या धास्तीने ते आले होते. त्यांनी वज्रवर एक अक्षर काढले. मग माझ्यावर तेच अक्षर काढले. नाक स्क्रीनला टेकेल इतके जवळ येऊन ते बघत राहिले.

दुकानदार म्हणाला, "साहेब, वज्र जास्त खपतो."

"खपू दे. त्याच्या गोलाईला कोपरे येतात. ही बघा, टिटवीची गोलाई. हाताने काढल्यासारखी!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला सोडून मला निवडले होते. खोक्यात बंद होताना मी शेवटचे बघितले ते वज्रकडे. मला फार बरे वाटले.

मालकांचे घर दोन खोल्यांचे होते. बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी त्यांनी मला ठेवले. माझ्यासाठी स्वतःच्या हाताने टेबल रंगवले. जाड कापडाचे आच्छादन शिवून घेतले आणि त्यावर टिटवी रंगवली. माझ्या आसपास चहाचा कप आणायला बंदी होती. रोज सकाळी दाढी करायच्या आधी ते मऊ फडक्याने मला पुसत.

मालकीणबाई वाचनालयात काम करत. त्या कमी बोलत, पण बोलल्या की नेमके बोलत. एकदा त्या दारात उभ्या राहून हे पुसणे बघत होत्या.

"मला ताप आला होता तेव्हा माझ्या कपाळावरून इतक्या वेळा हात फिरला नव्हता," त्या म्हणाल्या. "सवत आणली आहे म्हणून आधी सांगायचं तरी."

मालक हसले. मीही आतल्या आत हसलो. दुसऱ्याला आपला मत्सर वाटतो आहे, हे कळण्याइतके सुख दुसऱ्या कशात नाही.

त्यांची एक लहान मुलगी होती. मालक तिला चिमणी म्हणत. ती त्यांच्या मांडीवर बसून माझ्या कीबोर्डवर बोटे आपटायची. मालक कोणालाही मला हात लावू देत नसत, पण तिला सगळे माफ होते. तिची बोटे नेहमी चिकट असायची. मला ती आवडायची.

मालकांचे काम वाढले. त्यांच्या पाट्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसू लागल्या. आणि त्याचे सगळे श्रेय ते मला देत. नाही, टिटवीला देत. तेव्हा मला या दोन्हींतला फरक कळत नव्हता. कपाटावर टिटवीची चित्रे आली, भिंतीवर टिटवीचे घड्याळ आले, मालकांच्या डोक्यावर टिटवीची टोपी आली. गल्लीतले लोक त्यांना 'टिटवीवाले' म्हणू लागले. रविवारी सकाळी आमच्या खोलीत गावभरचे टिटवीप्रेमी जमायचे. एक दातांचे डॉक्टर होते, एक शिकवण्या घेणारे मास्तर होते, एक निवृत्त पोस्टमन होते. टिटवी कशी चांगली यावर त्यांचे थोडक्यात आटपायचे. वज्र कसा वाईट, यावर मात्र गप्पा रंगायच्या.

"माझ्या साडूचा वज्र परवा मध्येच बंद पडला," मास्तर म्हणायचे.

"पडणारच!" सगळे एका सुरात म्हणायचे, आणि कोणाच्या घरी मुलगा झाल्यासारखा आनंद व्हायचा. सर्वांत जास्त मला.

आमच्या खालच्या मजल्यावर औषधाचे दुकान होते. त्या दुकानाचे मालक वज्रवाले होते. जिन्यात गाठ पडली की दोघांची जुंपायचीच. तरीही दुकानाची पाटी बदलायची वेळ आली तेव्हा औषधवाले आमच्याकडेच आले, कारण दुसरीकडे तशी अक्षरे मिळत नव्हती. मालकांनी झकास पाटी करून दिली. ती लागल्यानंतर बऱ्याच दिवसांनी औषधवाल्यांची दुकानातली मदतनीस शिडीवर चढून पाटी पुसत होती. ती वरूनच ओरडली, "मालक, आपल्या पाटीवर कोंबडी कशी आली?"

एका अक्षराच्या पोटात, मुगाच्या दाण्याएवढी, टिटवी रंगवलेली होती. औषधवाले तसेच जिना चढून वर आले. तो तमाशा अर्धी गल्ली बघत होती. "कोंबडी म्हणाली ती?" एवढ्याच गोष्टीचे मालकांना वाईट वाटले.

असे दिवस होते, मित्रांनो. मला वाटायचे, हे असेच चालणार.

चिमणी मोठी झाली. ज्या मुलांना बोलायला जड जाते, त्यांना बोलायला शिकवण्याचे शिक्षण तिने घेतले. त्या कामासाठी एक प्रोग्राम लागतो. मूल बोलले की त्याचा आवाज स्क्रीनवर रेघ होऊन उमटतो, म्हणजे मुलाला स्वतःचा आवाज डोळ्यांनी दिसतो. तो प्रोग्राम टिटवीवर चालत नव्हता. चिमणीने माझ्यावर तो बसवून पाहिला. मी जीव तोडून प्रयत्न केला, अंग तापवून घेतले, पण मला जमले नाही. तिने माझ्या पाठीवर थोपटले आणि म्हणाली, "राहू दे रे." ते दोन शब्द मला अजून टोचतात.

नोकरी लागल्यावर ती घरी आली, तेव्हा तिच्या खांद्याला एक पातळ काळी पिशवी होती. तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. त्याच्या कपाळावर चांदीची वीज होती.

मालक मला पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"हे काय?"

"बाबा, मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. माझं काम याच्यावरच होतं."

"ते चपलांच्या कपाटावर ठेव."

चिमणीला वाटले, बाबा गंमत करत आहेत. ती हसली. मग तिच्या लक्षात आले की हसणारी ती एकटीच आहे. तिने मुकाट्याने लॅपटॉप दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवला.

मित्रांनो, मी खरे तेच सांगेन. वज्रला तिथे बघून मला जे वाटले, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. ज्याच्याकडे सगळे वळून बघायचे, तो आज चपलांवर होता आणि मी खिडकीत होतो.

जेवणे झाली. चिमणीला दुसऱ्या दिवसाची तयारी करायची होती. ती लॅपटॉप घेऊन टेबलाशी आली. मालकांनी टेबलावर हात पसरला.

"माझ्या टेबलावर वज्र बसणार नाही."

"बाबा, टेबलाशी मी बसणार आहे."

"तू बस ना. तुला कोण नाही म्हणतंय?"

"माझं काम याच्यात आहे. एक सहा वर्षांचा मुलगा आहे, त्याला 'आई' म्हणता येत नाही. त्याच्यासाठी मला..."

"टिटवीवर कर."

"नाही होत टिटवीवर! किती वेळा सांगू?"

आतून मालकीणबाई आल्या. "अहो, पोरगी आली आहे इतक्या दिवसांनी."

"मग पोरीनं एकटीनं यायचं होतं," मालक म्हणाले.

शब्द तोंडातून गेले, आणि ते गेलेच. चिमणीने वायर गुंडाळली, पिशवीची चेन लावली. "येते, आई," एवढेच म्हणून ती निघाली. जिन्यात औषधवाल्यांनी तिला विचारले, "काय गं, लगेच?" तिचे उत्तर मला ऐकू आले नाही.

त्यानंतर तिचा फोन यायचा तो आईच्या मोबाइलवर. मालक त्या वेळी उगाच बाहेरच्या खोलीत पाट्यांचे नमुने खालीवर करत बसायचे. कान मात्र आत असायचे. आणि मी? चिमणी गेली याचा आधी मला आनंद झाला, कारण तिच्याबरोबर तोही गेला. पण मग एक विचार माझ्या डोक्यात शिरला आणि तो निघेना. आता तिची बोटे रोज त्याच्यावर फिरत असतील. ती त्याच्याशी बोलत असेल. तोंडाने पुटपुटत टाइप करायची तिची लहानपणापासूनची सवय होती. ते पुटपुटणे आता तो ऐकत असेल. भांडण जिंकून मी काय मिळवले होते? टेबल. आणि त्याने?

पुढे टिटवी कंपनीचा नवा संगणक येणार असल्याची जाहिरात आली. रविवारच्या मंडळींनी ती हातोहात फिरवली. मी निर्धास्त होतो. नवा टिटवी म्हणजे माझाच धाकटा भाऊ. मग मालकांनी ती जाहिरात डोळ्यांजवळ धरली. नाक कागदाला टेकेल इतकी जवळ. त्यांचा तो चेहरा मी ओळखला. दुकानात त्यांनी माझ्याकडे असेच बघितले होते.

नवा आला. ताटासारखा पातळ, पांढरा. मालकांनी स्वतःच्या हाताने माझ्या वायरी काढल्या.

"आणि याचं काय?" मालकीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

"माळ्यावर ठेवू. आता हा आला ना. शेवटी टिटवी ती टिटवी."

मित्रांनो, शत्रूचा हेवा सोसता येतो. त्याला नावे ठेवली की हलके वाटते. पण याच्या कपाळावर माझाच पक्षी होता! याला काय नावे ठेवू? सकाळी मालक त्याला पुसायचे. माळ्याला दार नव्हते, त्यामुळे मला सगळे दिसायचे. तेच फडके, तोच हात, तेच दाढीच्या आधीचे पुसणे. मला वाटत होते की मालकांचा माझ्यावर जीव आहे. त्यांचा जीव कपाळावरच्या पक्ष्यावर होता. पक्षी उडून खाली बसला, तसा जीवही तिकडे गेला. वज्रचा मी इतकी वर्षे हेवा केला, तो सगळा मिळून त्या एका सकाळच्या हेव्याएवढा भरला नसता.

माझ्यावर धूळ बसू लागली. एका कोळ्याने माझ्या पंख्यात घर केले. मालकीणबाई कधीतरी जुनी वर्तमानपत्रे ठेवायला स्टुलावर चढायच्या, तेव्हा पदराने माझी स्क्रीन पुसायच्या. "काय, सवतबाई," त्या हळूच म्हणायच्या, "कसं वाटतंय?" त्यात टोमणा नव्हता. तिथे मला विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

एका रविवारी दातांचे डॉक्टर धापा टाकत वर आले. इतर मंडळी आधीच जमली होती. डॉक्टर खुर्चीवर बसले नाहीत.

"टिटवी विकली," ते म्हणाले.

"कोणी? तुमची? कशाला विकलीत?" पोस्टमननी विचारले.

"अहो, माझी नाही! कंपनी! वज्रवाल्यांनी घेतली. आज नाही, मागेच घेतली. आता जाहीर केलं. हे नवे सगळे टिटवी त्यांच्याच कारखान्यात बनतात. आतलं यंत्र वज्रचं, बाहेर पक्षी."

सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या पांढऱ्या संगणकाकडे गेले. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, जशी कोणी गेल्याचे कळल्यावर धरतात. मालक म्हणाले, "अफवा असेल." पण त्यांचा आवाज त्यांनाच पटत नव्हता. मंडळी त्या दिवशी लवकर उठली.

संध्याकाळी औषधवाले वर आले. त्यांनाही कळले होते. ते जिना चढत असताना गुणगुणत होते, म्हणजे चिडवायच्या तयारीनेच आले होते. पण दारात त्यांनी मालकांचा चेहरा पाहिला आणि गुणगुणणे थांबले. ते आत येऊन बसले.

"हे काही बरं झालं नाही," औषधवाले म्हणाले. "आता मी भांडायचं कुणाशी?"

मालक कसनुसे हसले. मालकीणबाई दोघांना चहा घेऊन आल्या. त्यांनी कप थेट त्या टेबलावर, नव्या संगणकाला खेटून ठेवले. मालकांनी त्यातला एक उचलून घोट घेतला.

"एक सांगू?" मालकीणबाई म्हणाल्या. "इतके दिवस या टेबलावर वज्रच बसलाय. तुम्ही त्याला रोज पुसताय. आणि पोरगी बाहेर आहे."

औषधवाल्यांनी चहा अर्धा टाकला आणि निरोप घेतला.

मालकांनी मालकीणबाईंच्या मोबाइलकडे हात केला. बाईंनीच नंबर लावून दिला. माळ्यावर मला दोन्हीकडचे ऐकू येत होते, कारण मालकांना फोन नेहमी मोठ्या आवाजात लागतो.

"बोल आई."

मालकांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"आई? हॅलो?... बाबा?"

"मी... ते... चिमणे, म्हणजे काय झालं की..." पुढचे काही फुटेना. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांसाठी हातहात मोठी अक्षरे काढली, त्याला एक वाक्य जुळेना.

मग चिमणीचा आवाज आला, अगदी सावकाश. "बाबा, घाई नाही. आधी श्वास घ्या. मग एकच शब्द बोला. नंतर दुसरा. मी मुलांना हेच सांगते."

मालकांनी श्वास घेतला.

"घरी," ते म्हणाले. "ये." आणि मग एका दमात, "दोघं या."

"दोघं म्हणजे?"

"तू आणि तुझा वज्र."

फोनवर चिमणी हसत होती की रडत होती, ते मला कळले नाही. मालकीणबाई आत निघून गेल्या. आणि मी माळ्यावर जळत होतो. घरात वज्रलासुद्धा आमंत्रण गेले होते. माझे नाव कोणी घेतले नव्हते.

चिमणी आली. मालकांनी स्वतः टेबल रिकामे केले आणि वज्र त्यावर ठेवून घेतला. तिने तो सुरू केला आणि बाबांना आवाजाची रेघ दाखवली. "बोला काहीतरी." मालक बोलले, रेघ उठली. ते पुन्हा बोलले. मग त्यांनी औषधवाल्यांना वर बोलावले आणि त्यांच्या आवाजाची रेघ आपल्यापेक्षा वेडीवाकडी येते हे सिद्ध करण्यात दोघांचा तास गेला. मला ते बघवेना.

तेवढ्यात चिमणीने वर बघितले.

"बाबा! हा इथे काय करतोय?"

"जुना झाला तो."

"जुना झाला म्हणून काय झालं? बिघडलाय का?" ती स्टुलावर चढली, मला पोटाशी धरून खाली घेतले आणि पंख्यातल्या कोळ्याला खिडकीबाहेर सोडले. "माझ्याकडची मुलं कीबोर्डवर मुठी आपटतात. लॅपटॉपला मी हात लावू देत नाही. याची बटणं जाड आहेत. याला मी नेते."

तेव्हापासून मी तिच्या उपचारांच्या खोलीत आहे. खोलीत छोट्या खुर्च्या आहेत, एक मोठा आरसा आहे, रंगीत सतरंजी आहे. मुले माझ्यावर तळहात मारतात. स्क्रीनवर भले मोठे अक्षर येते. चिमणी त्या अक्षराचा उच्चार करते, मूल तिच्या ओठांकडे बघते आणि प्रयत्न करते. कधी जमते, कधी जमत नाही. न जमलेल्या दिवशी मुले मला अधिक जोरात मारतात. मी सोसतो. शेजारी वज्र असतो. चिमणी अजूनही पुटपुटत टाइप करते ती त्याच्यावरच. मला मुठी आणि त्याला पुटपुटणे, अशी वाटणी आहे. ती मला मान्य नाही, पण मला कोणी विचारलेले नाही.

परवा मालक तिथे आले होते. मुलांच्या मुठींनी माझी बटणे पुसली गेली आहेत, हे त्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी ते बारीक कुंचला आणि रंगाची डबी घेऊन आले. छोट्या खुर्चीत गुडघे दुमडून बसले आणि एकेक अक्षर माझ्या बटणांवर काढू लागले. मध्ये श्वास रोखत, मध्ये फुंकर घालत. माझ्या कपाळाकडे त्यांनी एकदाही बघितले नाही. ते माझ्याकडे बघत होते.

सगळी अक्षरे झाली. ते उठणार, एवढ्यात चिमणी म्हणाली, "बाबा, याचीही दोन बटणं पुसलीत." तिने वज्र पुढे केला.

मालकांचा कुंचला हवेत थांबला. मीही थांबलो. मग त्यांनी कुंचला पुन्हा रंगात बुडवला, वज्र मांडीवर घेतला आणि ती दोन अक्षरे तितकेच मन लावून काढली. तितकेच का? मला वाटते, जरा जास्तच.

मित्रांनो, तुमच्याही आवडीचे एखादे नाव असेल, एखादी खूण असेल. ती खुशाल आवडू द्या. पण कपाळावरच्या खुणेमागे रोज राबणारे कोण आहे, तिकडे एकदा बघा. ते जुने झाले म्हणून माळ्यावर टाकू नका. आणि तुमचे माणूस दारात आले, तर त्याच्या पिशवीत काय आहे ते नंतर बघा, आधी त्याला आत घ्या.

आणि चिमणीकडे कधी आलात, तर तिथे खिडकीत एक फडके आहे. ते उचला आणि आम्हाला दोघांनाही पुसा. फक्त आधी मला.